इंजिनखोलीची हवा: धग वरून काढा, गॅस तळातून

बोटीच्या इंजिनखोलीत हवा खेळती ठेवायची ती दोन कामांसाठी, आणि ही दोन कामं उलट्या टोकांना आहेत. इंजिनाची धग वर चढते. पेट्रोलची वाफ आणि स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड, ते तळाशी बसतात. छताला एक पंखा लावला की झालं, असं समजू नका. तो पंखा धग काढेल. तळातला गॅस जिथल्या तिथे राहील.

आधी डिझेल, कारण आपल्या मासेमारी बोटींवर बहुतेक तेच असतं. 120 एचपीचं इंजिन पूर्ण जोरात चालतं तेव्हा स्वतःच मिनिटाला साधारण 8 घनमीटर हवा ओढतं. शिवाय त्याच्या तापलेल्या अंगातून सुमारे 7 किलोवॉट उष्णता खोलीत येते (नेमका आकडा इंजिनाच्या पुस्तकात असतो, तोच धरावा). खोली बाहेरच्यापेक्षा 15 अंशांहून जास्त तापू नये असं हवं असेल, तर आत येणारी हवा मिनिटाला 24 घनमीटर लागते. त्यातली 8 इंजिन खातं, उरलेली 16 वरून बाहेर पडायला हवी.

ही 24 घनमीटर हवा सेकंदाला अडीच मीटर वेगाने आत येते असं धरलं, तर मोकळं तोंड 1600 चौरस सेंटीमीटर लागतं, म्हणजे 40 बाय 40. मोकळं म्हणजे खरोखर मोकळं. पट्ट्यांची जाळी बसवली की जागा घटते; तिच्यामागे बारीक मच्छरजाळी लावली आणि तिच्यात मीठ-तेल बसलं, की निम्मीही उरत नाही. म्हणून भोक दुप्पट कापा आणि जाळी अशी बसवा की काढून धुता येईल.

डिझेलला पंखा लावायचाच तर तो हवा आत ढकलणारा लावा. आत येण्याची वाट अपुरी ठेवून नुसता बाहेर ओढणारा पंखा लावला, तर तो आणि इंजिन एकाच हवेवर तुटून पडतात. खोलीत ओढ तयार होते, इंजिन काळा धूर सोडतं, जोर कमी होतो, आणि धुराच्या पाइपचा सांधा जरासा सैल असला तरी तिथला धूर खोलीत येतो. तपासायचं कसं? पारदर्शक नळी इंग्रजी यू अक्षरासारखी वाकवून तिच्यात थोडं पाणी भरा. तिचं एक टोक खोलीत, दुसरं बाहेर. सगळी झाकणं लावून पूर्ण जोरावर चालवा. दोन्ही बाजूंच्या पाण्यात 12 मिलिमीटरपेक्षा जास्त फरक दिसला तर तोंड अपुरं आहे. नळी नसेल तर झाकण उचलून पाहा: ते खाली ओढलं जात असेल तर तेच उत्तर.

हवेचं तोंड डेकपासून उंच, लाटेच्या तुषारांपासून आडोशाला घ्या. धुराच्या पाइपकडून वाऱ्याबरोबर धूर येईल अशा जागी ते कधीही नको. आतल्या बाजूला हवा खाली इंजिनाच्या पायथ्याशी सोडा आणि बाहेर जायची वाट समोरच्या टोकाला, छताजवळ ठेवा. दोन्ही तोंडं शेजारी-शेजारी असली तर हवा आल्यापावली परत जाते आणि इंजिनामागचा कोपरा तापतच राहतो. बॅटऱ्या याच खोलीत असतील तर चार्ज होताना त्यांतून हायड्रोजन निघतो. तो हलका असतो, म्हणून त्यांच्या डोक्यावरही एक वाट हवी.

पेट्रोलची गोष्ट वेगळी. खोलीत बसवलेलं पेट्रोल इंजिन असेल तर पंखा बाहेर ओढणाराच हवा, आणि त्याच्या पाइपचं तोंड खोलीच्या खालच्या तिसऱ्या हिश्श्यात, बिल्जमध्ये (बोटीच्या अगदी तळातल्या पोकळीत) नेहमी साचणाऱ्या पाण्याच्या जरा वर. पाण्यात बुडलं तर काहीच ओढलं जात नाही. पाइपला मध्येच झोळ पडला तर तिथे पाणी साचून तोच परिणाम होतो, म्हणून पट्ट्यांनी ताणून बांधा. मोटारगाडीचा पंखा इथे चालत नाही, त्याच्या ब्रशची ठिणगी उघडी असते; ठिणगी बाहेर न पडणारा, बोटीसाठी बनवलेलाच घ्या. हवेत 1.4 टक्के वाफ झाली की ती पेटू शकते. 100 मिलिलिटर सांडलेलं पेट्रोल पूर्ण उडालं तर साधारण सव्वा घनमीटर हवेला तितकी वाफ पुरते. अमेरिकेत अशा बोटींवर पाटी बंधनकारक आहे: सुरू करण्याआधी किमान 4 मिनिटं पंखा चालवा आणि तळात वाफ आहे का ते पाहा. यातली दुसरी अट लोक विसरतात. गळती चालू असेल तर पंखा कितीही वेळ चालवून उपयोग नाही. झाकण उघडून वास घ्या, वास आला तर कुठलाही स्विच दाबू नका.

गॅसचा सिलिंडर इंजिनखोलीत किंवा तिला जोडलेल्या केबिनमध्ये नको. डेकवर स्वतंत्र पेटीत ठेवा, पेटीच्या तळाला किमान 20 मिलिमीटरचं भोक आणि ते थेट बोटीबाहेर.

आग लागल्यावर हीच खेळती हवा घात करते. प्रत्येक तोंडाला बाहेरून बंद होणारी झडप हवी आणि पंख्याचा स्विच खोलीबाहेर. आग विझवायला कार्बन डायऑक्साइड सोडला आणि तोंडं उघडी राहिली, तर तो निघून जातो आणि आग पुन्हा भडकते. झडपा गंजून अडकतात. दर महिन्याला हलवून ग्रीस लावा.

जून-जुलैच्या मासेमारी बंदीत बोट झाकून ठेवली असेल तर उघडल्याबरोबर खाली उतरू नका. गंजणारं लोखंड आतला ऑक्सिजन खातं, आणि कुजलेल्या बिल्जमधून किंवा मासळीच्या खणातून हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू निघतो. तो जास्त झाला की नाक बधिर होतं, वास येईनासा होतो. सगळी झाकणं उघडा, बाहेरून पंखा लावून पाइपने हवा तळापर्यंत सोडा, मगच एकाने कमरेला दोर बांधून उतरावं आणि दुसऱ्याने वरच थांबावं. खालचा कोसळला तर वरच्याने दोर ओढायचा, मागोमाग उतरायचं नाही.