साखर कमी झाली, म्हणून औषध नामंजूर

गेल्या महिन्यात फोनवर सहा वेगवेगळ्या माणसांना मी एकच गोष्ट समजावली: साखर कमी दिसतेय ती औषध चालू आहे म्हणून. सहाही जण "आय अंडरस्टँड, सर" म्हणाले आणि सहाही जणांनी मला पुढच्या माणसाकडे ढकललं.

मी न्यू जर्सीत राहतो. टाइप टू मधुमेह आहे, आठवड्यातून एकदा सेमाग्लुटाइडचं इंजेक्शन घेतो. इथे विमा एका कंपनीचा असला तरी औषधांचा कारभार फार्मसी बेनिफिट मॅनेजर नावाच्या वेगळ्याच कंपनीकडे असतो. कुठलं औषध यादीत बसतं, को-पे (औषधामागे आपण भरायचा वाटा) किती, हे तिच्याच यादीवरून ठरतं आणि घरपोच औषध पाठवणारी फार्मसीही बहुधा तिचीच. अशा तीन कंपन्यांकडून देशातली जवळपास 80 टक्के प्रिस्क्रिप्शन्स जातात, असं फेडरल ट्रेड कमिशन या सरकारी संस्थेच्या 2024 च्या अहवालात होतं. नाही पटलं तर दुसरीकडे जावं म्हटलं, तर निवड आपल्या हातात नाही. नोकरी देणाऱ्यानं जी घेतली ती आपली.

मेटफॉर्मिन या मधुमेहाच्या गोळ्यांच्या 90 दिवसांच्या बाटल्या बिनबोभाट येतात. इंजेक्शनला मात्र प्रायर ऑथोरायझेशन लागतं, म्हणजे डॉक्टरांनी लिहून दिलं तरी कंपनीची वेगळी मंजुरी. माझी एक वर्षाची होती. ती संपल्याचं मला रीफिल मागितल्यावर कळलं. मंजुरीच्या पत्रावर शेवटची तारीख असते, ती बघून महिनाभर आधीच डॉक्टरांच्या ऑफिसच्या मागे लागा. मी ते पत्र उघडूनही बघितलं नव्हतं, ही चूक माझी.

नर्सबाईंनी फॉर्म भरला, सोबत ताजा एचबीए-वन-सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा रिपोर्ट, जोडला. 6.2. मी खूश होतो त्या आकड्यावर. चार दिवसांनी नकार आला: निकषात बसत नाही.

फोन लावला. आधी यंत्र, त्याला जन्मतारीख सांगा. मग माणूस, त्याला पुन्हा जन्मतारीख आणि आडनावाचं स्पेलिंग, एकेक अक्षर. मग ती बाई म्हणाली, मधुमेहाचं निदान कागदांतून सिद्ध होत नाही, 6.5 किंवा त्याहून जास्त आकडा हवा.

"अहो, तुमच्याच मंजुरीनं वर्षभर औषध घेतलं, म्हणून तर खाली आलाय!"

"आय अंडरस्टँड, सर. पण आत्ता पाठवलेल्या कागदांत तो दिसत नाही."

म्हणजे औषध बंद करून साखर वाढवायची, मग औषध मागायचं? हे मी तिला विचारलं. तिनं मला घरपोच फार्मसीकडे जोडून दिलं. फार्मसीनं परत मंजुरीवाल्यांकडे. लोगो एकच, होल्डवरचं संगीतही एकच, पण एका खात्यातली नोंद दुसऱ्याला दिसत नाही म्हणे.

शेवटी हवा होता तो औषध सुरू होण्याआधीचा रिपोर्ट. माझे तेव्हाचे डॉक्टर दुसऱ्या ग्रुपमध्ये गेले, त्यांचं जुनं पोर्टल बंद. दोन संध्याकाळी घर उलथंपालथं केलं. सापडला तो हिच्या प्लास्टिकच्या फायलीत, राइस कुकरच्या वॉरंटी कार्डाच्या मागे: 8.1. सांगलीत आमचा मेडिकलवाला चिठ्ठी बघून पट्टी कापून देतो, हे त्या रात्री हिला मी तीनदा सांगितलं. चौथ्यांदा तिनं हात जोडले.

रिपोर्ट फॅक्स झाला. कंपनी म्हणे, मिळाला नाही. तीन दिवसांनी उलगडा झाला की नर्सबाईंनी तो फार्मसीच्या नंबरवर पाठवला होता. पत्रावर दोन्ही नंबर एकाखाली एक छापलेले. तेव्हा कुठला नंबर ते स्वतः वाचून दाखवा, आणि प्रत्येक फोनचा रेफरन्स नंबर लिहून घ्या. माझ्याकडे तो नव्हता, म्हणून पहिले तीन फोन झालेच नाहीत असं ठरलं.

बरोबर नंबरवर गेल्यावर दुसऱ्या दिवशी मंजुरी! पण तोवर फार्मसीनं ऑर्डर रद्द केलेली, आणि माझे तीन डोस हुकलेले, त्यामुळे डॉक्टरांनी पुन्हा कमी मात्रेपासून सुरू करायला लावलं. म्हणजे प्रिस्क्रिप्शनही नवं. पहिलं पेन मी कोपऱ्यावरच्या दुकानातून उचललं. घरपोच यायला उशीर होणार असेल तर महिन्याभराचं तिथून मिळेल का, हे आधी विचारा. मला कुणी आपणहून सांगितलं नाही.

हे वर राहिलं: नकार आला तर अपिलाला 180 दिवस असतात आणि तातडीचं असेल तर 72 तासांत उत्तर द्यावं लागतं. नकाराच्या पत्रात मागच्या पानावर ते लिहिलेलं असतं. मी रागानं पत्र चुरगाळलं होतं, तेही नंतर कचऱ्यातून काढलं.

भारतात जास्त दिवस जाणार असाल तर 'व्हेकेशन ओव्हरराइड' हे दोन शब्द वापरूनच जादा औषध मागा. "इंडियाला चाललोय" एवढ्यावर समोरच्याला काही कळत नाही.

बाकीची पेनं काल थर्मोकोलच्या डब्यात, जेल पॅकमध्ये आली. पेनं फ्रीजमध्ये गेली, डबा हिनं इडलीचं पीठ आंबवायला घेतला.