क्युव्हेटमधला सोलापुरी निळा

तिसऱ्या दिवशीही तेच. क्युव्हेटमध्ये, म्हणजे नमुना ठेवायच्या काचेच्या छोट्या चौकोनी नळीत, नुसतं बफर (आम्लता स्थिर ठेवणारं द्रावण), पॉलिमर नाही, डीएनए नाही, आणि यंत्राच्या पडद्यावर निळ्या उजेडाचा उंचवटा. बाहेर एप्रिलचं सोलापूर, आत काळे पडदे लावलेली खोली. धूळ उडते म्हणून पंखाही बंद.

डीएनए ओळखण्याचा हा प्रयोग माझा नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या सांता बार्बाराच्या हीगर-बाझान गटाने २००२ मध्ये करून दाखवलेला. मी फक्त गिरवत होते. धनभारित पॉलिमर पाण्यात विरघळवायचं. अतिनील प्रकाशात ते निळं चमकतं. डीएनएच्या कण्यावर ऋणभार, म्हणून डीएनए पॉलिमरला जाऊन चिकटतो. हव्या त्या डीएनएशी जोडी जुळवून त्याचा शोध घेणाऱ्या तुकड्यावर, म्हणजे प्रोबवर, मात्र भारच नसतो, त्यामुळे पॉलिमर त्याला विचारत नाही. पण प्रोबला जोडीचा डीएनए भेटला, की तो त्याला ओढत पॉलिमरपाशी आणतो. प्रोबच्या शेपटीला फ्लुओरेसिन हा हिरवा चमकणारा रंग बांधलेला असतो. मग निळा मावळतो, हिरवा उगवतो.

मधली गंमत अशी, की पॉलिमरने प्रकाश सोडला आणि फ्लुओरेसिनने तो गिळला, असं होतच नाही. ऊर्जा परस्परच जाते. आण्णांना सांगितलं तर म्हणाले, "म्हणजे बँकेत न भरता हातोहात." अगदी! फक्त हात पोचला पाहिजे. अंतर दुप्पट झालं की ऊर्जा जायचा वेग चौसष्टाव्या हिश्श्यावर येतो. हा हिशोब फॉर्स्टर या शास्त्रज्ञाचा. सगळा व्यवहार साधारण दहा नॅनोमीटरच्या आत, म्हणजे डीएनएच्या जिन्याच्या तीसेक पायऱ्या.

आण्णांची उभी हयात टॉवेल रंगवण्यात गेली. माझं रडगाणं ऐकून त्यांनी एवढंच विचारलं, "क्युव्हेट पुसतीस कशानं?"

"घरच्या नॅपकिननं."

"अगं, पांढऱ्या मालाला टिनोपाल मारतात की!"

दुसऱ्या दिवशी नॅपकिन यूव्ही दिव्याखाली धरला. लख्ख निळा. रंगीत काठ तेवढा काळा पडलेला, आणि क्युव्हेटच्या काचेवर चिकटलेला केसाएवढा एक तंतू चमकत होता. टिनोपाल करतं तेच, जे माझं पॉलिमर करतं: अतिनील घ्यायचं, निळं द्यायचं. वर सुती कापडाची ही द्रव्यं बहुतेक ऋणभारित, म्हणजे डीएनएची जागा अडवून माझ्या पॉलिमरलाही चिकटली असती.

क्युव्हेट आम्लाने धुतली, लेन्सच्या कागदाने पुसली. रेघ सपाट.

चमकत्या नॅपकिनचा फोटो आण्णांना पाठवला. उत्तर आलं, "पांढरा चांगला चढलाय."