आधी बादली, मग व्हिडिओ

ब्लेंडेड लर्निंगच्या (वर्गातलं शिकवणं आणि ऑनलाइन यांची सांगड) कुठल्याही ट्रेनिंगला जा, एक गोष्ट हमखास सांगतात, व्हिडिओ आधी घरी पाठवा म्हणजे वर्गात चर्चेला वेळ मिळतो. फ्लिप्ड क्लासरूम. २००७ च्या सुमारास अमेरिकेत कोलोरॅडोतल्या दोन केमिस्ट्रीच्या शिक्षकांनी हे सुरू केलं, तेही हायस्कूलच्या मुलांसाठी. तिथे चालत असेल हो. पण पाचवीच्या विज्ञानात मला हे सगळं उलटं करावं लागतं, कारण व्हिडिओत उत्तर दिसलं की मग वर्गातला प्रयोग म्हणजे नुसता रिपीट टेलिकास्ट.

तरंगणं-बुडणं घ्या. आमच्याकडे विदर्भात सीझनला संत्र्यांना तोटा नाही. आदल्या संध्याकाळी व्हॉट्सअपवर फक्त प्रश्न टाकते, संत्रं पाण्यात टाकलं तर काय होईल, आणि सोलून टाकलं तर? अंदाज व्हॉइस नोटमध्ये, तोही ग्रुपवर नाही, मला पर्सनलवर (ग्रुपवर टाकला की पहिल्याचंच उत्तर सगळे चिकटवतात). मोबाईल बाबांसोबत शेतात गेलेला असतो म्हणून नोटा रात्री उशिरा येतात, पण वर्गात तोंड न उघडणारी पोरं इथे चक्क कारणासकट बोलतात!

सकाळी बादली. सालीसकट संत्रं तरंगतं, सोललेलं तळाला. एक पोरगी लगेच, "मॅडम, साल काढली तं हलकं झालं नं, मग बुडलं कसं काय?" बस, मला हाच प्रश्न पाहिजे असतो. मी उत्तर देत नाही. कुणी नुसती साल टाकून बघतं, ती तरंगते. कुणी साल दाबून बुडबुडे शोधतं. आणि मग एखाद्या गटाचं सोललेलं संत्रंही तरंगतं, सगळा वर्ग गोंधळतो, भांडणं होतात, शेवटी कुणीतरी फोडी सुट्या करून टाकतं आणि त्या बुडतात, मग मधल्या पोकळीतल्या हवेवर संशय जातो.

शिक्षणतज्ज्ञ ब्लूमची १९५६ ची ती विचार करण्याच्या पायऱ्यांची उतरंड, २००१ मध्ये सुधारलेली, डीएडला आम्ही पाठ केली होती (विश्लेषण वगैरेची व्याख्या पाठ करायची, म्हणजे बघा). ते विश्लेषण म्हणजे हेच की, बादलीभोवतीचं भांडण.

व्हिडिओची पाळी आता. पुस्तकातला क्यूआर कोड स्कॅन करून दीक्षा या सरकारी शैक्षणिक पोर्टलवर काही चांगलं मिळालं तर ते, नाहीतर कोलोरॅडो विद्यापीठाच्या फेट या वेबसाइटवरचं घनतेचं सिम्युलेशन, म्हणजे स्क्रीनवरचा प्रयोग. (परत कोलोरॅडोच, काय करणार.) तिथे सारख्याच वस्तुमानाचे लहानमोठे ठोकळे पाण्यात सोडता येतात, बादलीत हे जमवणं अवघड. शाळेत प्रोजेक्टर एकच, पण पुरतो, कारण माऊसला हात लावण्याआधी कुठला ठोकळा बुडेल आणि का, हे वहीत लिहावं लागतं. संत्र्याशी झटापट झालेली असल्यामुळे "मोठा आहे म्हणून बुडेल" असं आता फार कुणी लिहीत नाही.

चाचणीत मात्र अजून "तरंगणाऱ्या पाच वस्तूंची नावे लिहा" असतंच. मी खाली हाताने एक प्रश्न वाढवते, कणकेचा गोळा बुडतो, त्याच कणकेची वाटी तरंगते, असं का? कणीक घरून आणली तर करून बघायलाही परवानगी आहे. चाचणीत पाणी सांडतं, शिपाईकाका वैतागतात.