ग्रुपवर गणित विचारताना आणि समजावताना

‘हे कोणी सोडवून देईल का?’ एवढंच लिहून अर्धवट कापलेला फोटो टाकला, तर उत्तर देणाऱ्याचा पहिला अर्धा तास अंदाज बांधण्यातच जातो. पूर्ण प्रश्न, आकृती, दिलेलं उत्तर आणि आपण जिथे अडलो ती ओळ, हे सगळं पाठवा. टाइप करताना कंसात कंजुषी नको: १/२x म्हणजे x छेदात की बाहेर? १/(२x) लिहिलं की वाद मिटतो.

घर्षणाचं हे गणित पाहा. ३०° उतारावर २ किलोचा ठोकळा स्थिर ठेवलाय, स्थितिक घर्षण गुणांक ०.७. घर्षण बल किती? बहुतेक जण थेट μN (घर्षण गुणांक μ गुणिले अभिलंब बल N, म्हणजे उतार ठोकळ्याला स्वतःशी लंब दिशेत जे बल लावतो ते) काढतात: ०.७ × २ × ९.८ × cos ३०°, म्हणजे सुमारे ११.९ न्यूटन. चूक! ती कमाल मर्यादा आहे. उताराच्या दिशेने ठोकळ्याला खाली ओढणारं बल mg sin ३०° = ९.८ न्यूटनच आहे, म्हणून घर्षणही तेवढंच.

इथे मदत करणाऱ्याने आयतं उत्तर चिकटवू नये, असं माझं ठाम मत आहे. ‘ठोकळा घसरतोय का?’ एवढाच प्रश्न विचारा. नव्वद टक्के गाडी तिथेच रुळावर येते. नाहीच आली, तर बलांची आकृती काढून फोटो पाठवायला सांगा. अभिलंब बल उताराला लंब न दाखवता सरळ वर दाखवलेलं असेल, तर चूक लगेच सापडते.

आणि sin ३०° चं उत्तर −०.९८८ आलं, तर कॅल्क्युलेटर अंशांऐवजी रेडियनवर (कोन मोजायचं दुसरं एकक) आहे.