दांडपट्टा आणि ‘प्रत्येक वेळी’ हे दोन शब्द

‘प्रत्येक वेळी’ या दोन शब्दांनी माझे तीन आठवडे खाल्ले. खेळातल्या पात्रासाठीचं हत्यार बाकी तासाभरात तयार झालं होतं, म्हणून जास्तच चीड येते.

आम्ही पाच जण पुण्यात दर रविवारी डंजन्स अँड ड्रॅगन्स हा पात्रं घेऊन फाशांवर खेळायचा खेळ खेळतो, पाचव्या आवृत्तीचे २०१४चे नियम घेऊन. डीएम, म्हणजे गोष्ट आणि शत्रू चालवणारी, मी. आमच्यातल्या फायटरचा, म्हणजे योद्धा खेळणाऱ्याचा, चौथ्या लेव्हलपासून एकच हट्ट होता, “ताई, मला जादूचा दांडपट्टा पाहिजे.” खरं तर मलाही तो हवाच होता. लहानपणी कोल्हापुरात मर्दानी खेळ बघताना पट्टा असा फिरायचा की आम्ही पोरं आपोआप दोन पावलं मागे सरकायचो. ती मागे सरकायची भावना मला टेबलावर आणायची होती.

पाया पटकन ठरला. डॅमेज (इजा) १डी८, म्हणजे आठ बाजूंचा एक फासा; फिनेस, म्हणजे ताकदीऐवजी चपळाईनेही चालवता येणारा; +१, म्हणजे वाराला आणि डॅमेजला एक जास्त; दर्जा रेअर (दुर्मीळ); आणि अट्यूनमेंट, म्हणजे वापरण्याआधी वस्तूशी नातं जुळवणं, लागणार. पाचव्या लेव्हलला रेअर वस्तू हातात आली तर काही बिघडत नाही. मनगट ते कोपर झाकणारा खोबळा असल्यामुळे पट्टा कोणी हातातून पाडू शकत नाही. पण त्याच हातात ढाल, मशाल, औषधाची बाटली काहीच धरता येत नाही, आणि काढायला एक पूर्ण ॲक्शन (पाळीतली मुख्य कृती) जाते. ही किंमत मला फार आवडली, कारण ती खऱ्या हत्यारातूनच आली होती.

पण पट्ट्याचा जीव त्याच्या फिरण्यात. म्हणून मी लिहिलं: ‘प्रत्येक वेळी वार लागला की तुझ्या पाच फुटांतल्या बाकी सगळ्या शत्रूंना १डी६ डॅमेज.’ कागदावर हे गरीब दिसत होतं. फ्लेम टंग ही रेअर तलवार पेटली की प्रत्येक वाराला २डी६ जास्त देते, म्हणजे सरासरी ७. माझा १डी६ म्हणजे सरासरी ३.५, बरोबर निम्मा. डीएमसाठीच्या मार्गदर्शक पुस्तकातला तक्ताही पाहिला: रेअर वस्तूला जास्तीत जास्त +२ आणि सहाव्या पातळीपर्यंतचा मंत्र. मी सगळीकडे मर्यादेच्या आत होते. एका पाळीत ती गोष्ट किती वेळा घडेल आणि किती जणांवर घडेल, याचा रकाना त्या तक्त्यात नाही, आणि मी तिथेच अडकले.

पट्टा पहिल्यांदा खेळात आला त्या रविवारी सहा गॉब्लिन (बुटके राक्षस) होते. गॉब्लिनला ७ हिट पॉइंट, म्हणजे तेवढं डॅमेज झालं की तो संपला. चौघांनी फायटरला घेरलं. पाचव्या लेव्हलला त्याला दोन अटॅक, त्यात ॲक्शन सर्ज (एक जादा ॲक्शन), म्हणजे चार. पहिल्या वाराला समोरचा पडला आणि उरलेल्या तिघांना न विचारता डॅमेज लागलं, एसीसुद्धा (वार लागायला फाशावर गाठायचा आकडा) बघायची गरज नाही. एका वारामागे तीन जणांचे १०.५, मूळ डॅमेज वेगळंच. तिसऱ्या वारापर्यंत चौघे संपले, उरलेले दोघे पळाले. रोग (चोरट्या चालीचं पात्र) खेळणारी मैत्रीण चिंचवडहून दोन बस बदलून येते. तिची पाळी आलीच नाही. ती काही बोलली नाही, नुसते फासे डबीत भरत राहिली. मला घरी जाऊनही तेच दिसत होतं.

मग दुरुस्त्या सुरू झाल्या. आधी चार्जेस (मोजून वापर) ठेवले: दिवसाला तीन, पहाटे परत येणार. फायटरने तिन्ही राखून शेवटच्या लढाईत ओतले. ताकद तेवढीच राहिली, फक्त एका जागी साचली. शिवाय किती उरले यावरून दर वेळी वाद. नंतर सेव्ह (फासा टाकून बचाव) ठेवला: प्रत्येक शत्रूने डेक्स्टेरिटी (चपळाई) सेव्ह करायचा, डीसी १३, म्हणजे वाचायला निदान १३ हवेत. म्हणजे एका वारामागे मी तीन-चार डी२० (वीस बाजूंचे फासे) टाकत बसले आणि बाकीचे मोबाइल बघायला लागले. हा उपाय कोणी सुचवला तर ऐकू नका.

मग ‘एका पाळीत एकदाच’. इथे सुटलं असं वाटलं, पण आम्ही कार्डं मराठीत लिहितो आणि पाळी (एकाची) व फेरी (सगळ्यांच्या पाळ्या मिळून) यांतला फरक मी मनावर घेतला नव्हता. शत्रू फायटरजवळून निघून जायला लागला, फायटरने रिॲक्शनने (दुसऱ्याच्या पाळीतही करता येणारी झटपट कृती) वार केला आणि म्हणाला, “ही पाळी शत्रूची आहे, ताई, माझी नाही. म्हणजे मला परत एकदा मिळतं.” नियमाने त्याचं म्हणणं खरं होतं. मी चिडले होते, तरी ते तिथेच मान्य केलं. घरी येऊन ‘तुझ्या पाळीत’ असं लिहिलं.

आता कार्डावर आहे ते असं: ‘तुझ्या पाळीत एकदाच, वार लागला तर पहिल्या शत्रूपासून पाच फुटांत आणि तुझ्या टप्प्यात असलेला दुसरा एक शत्रू निवड. तोच अटॅक रोल त्याच्या एसीइतका किंवा जास्त असेल, तर त्याला २डी६ डॅमेज.’ वेगळा फासा टाकायचा नाही, त्यामुळे खेळ थांबत नाही. दोन्ही वार लागले तर फ्लेम टंग १४ जास्त देते. पट्टा +१चे धरून साधारण ९. पण त्याला पेटवायला बोनस ॲक्शन (पाळीतली जादा छोटी कृती) लागत नाही आणि आगीला न जुमानणाऱ्या राक्षसांपुढे तो फिका पडत नाही. एवढा फरक मला योग्य वाटला.

एक राहिलंच. मधल्या काळात शाप म्हणून ‘डी२०वर १ आला तर पट्टा स्वतःला लागतो’ असं लिहिलं होतं. ते कृपया करू नका. दोन अटॅकमध्ये एखादा १ येण्याची शक्यता जवळपास १० टक्के, चार अटॅकमध्ये १८च्या वर. म्हणजे योद्धा जितका तरबेज, तितका स्वतःला जास्त कापणार. ज्याने आयुष्य घालवून हात बसवला त्याच्यावर हा अन्याय आहे.

आणि हे मी सगळ्यात आधी करायला हवं होतं: नवीन हत्यार पहिल्यांदा शत्रूच्या हातात द्या. एका सेशनला डाकूंच्या म्होरक्याकडे पट्टा दिला आणि खेळाडूंवर फिरवला. कुठे दुखतं ते त्यांनी दोन राउंडमध्ये सांगितलं. त्यानंतर तो म्होरक्याकडून जिंकून घेताना फायटरचा चेहरा बघण्यासारखा होता.

पुढे २०२४च्या नव्या नियमांत ग्रेटॲक्स या मोठ्या कुऱ्हाडीचा क्लीव्ह हा गुण वाचला. पहिल्याच्या पाच फुटांतला दुसरा शत्रू, आणि एका पाळीत एकदाच. ती ओळ मी फायटरला लगेच पाठवली.

मागच्या रविवारी तो अकराव्या लेव्हलला पोचला, तिसरा अटॅक मिळाला. कार्डावरचा एकही शब्द बदलावा लागला नाही. त्या लढाईतला शेवटचा ट्रोल चिंचवडच्या मैत्रिणीने पाडला.