वाट विचारावी कशी?

ठाण्यात वाट विचारायची सवय मोडून बरीच वर्षं झाली. घोडबंदर रोडवरच्या नव्या टॉवरचं नाव सांगितलं तर रिक्षावालाच म्हणतो, "लोकेशन लावा ना." पण सकाळच्या कसारा लोकलनं आसनगावला उतरून किल्ल्याच्या पायथ्याच्या माहुली गावात पोचलं, की तोंड उघडावंच लागतं. तिथे शहरी माणसाची पंचाईत होते, कारण त्याला प्रश्न धड विचारता येत नाही.

"ही वाट किल्ल्यावरच जाते ना?" हा सगळ्यांत वाईट प्रश्न. उत्तर त्यातच भरलेलं. गुरांमागे चाललेला पोरगा किंवा डोक्यावर मोळी घेतलेली मावशी दारात आलेल्या पाहुण्याला "नाही" कशाला म्हणेल? "जाते की," म्हणून मोकळी. त्यात खोटंही काही नसतं. वाट जाते, आपल्याला झेपेलच असं नाही, एवढंच. त्यापेक्षा "किल्ल्यावर तुम्ही कुठून जाता?" असं विचारावं. मग मावशी थांबते, एका हातानं मोळी सावरते आणि दुसऱ्यानं सगळा डोंगर आखून दाखवते: ओढा ओलांडा, सोंडेवर चढा, शेवटाला शिडी लागेल. आणि मधे उजवीकडे फुटते ती धरू नका, ती ढोरांची.

या शेवटच्या वाक्यासाठी विचारायचं असतं. ढोरवाट खऱ्या वाटेपेक्षा जास्त मळलेली, रुंद आणि दिसायला भरवशाची असते. ती निवांत आडवी जात राहते आणि कारवीच्या रानात विरून जाते. गुरांना चरायचं असतं, माथ्याशी त्यांना काय देणंघेणं! पावसाळ्यात कारवी पुरुषभर वाढली की दोन्ही वाटा सारख्याच दिसेनाशा होतात.

(१६३६ साली मोगल आणि आदिलशाही फौजांनी शहाजीराजांना याच माहुलीत वेढलं, तेव्हा त्या फौजांनाही कुणीतरी वाट दाखवलीच असणार. म्हणजे वाट सांगणाऱ्यांची परंपरा अगदीच निरागस नाही.)

अंतर मात्र विचारू नये. "हे काय, हितंच" हे एक कायमचं माप आहे, त्यात पाऊण तासही बसतो आणि तीन तासही. "तुम्हाला किती वेळ लागतो?" विचारावं आणि येईल त्याची दुप्पट धरावी. गुडघे बोलायला लागले असतील तर तिप्पट. पाण्याचंही तसंच. किल्ल्यावर कातळात खोदलेली पाण्याची टाकी पुष्कळ असतात, "पाणी आहे का?" यापेक्षा "तुम्ही कुठल्या टाक्यातलं पिता?" हा प्रश्न पोटाला जास्त मानवतो.

मोबाइलशी माझं वैर नाही. जीपीएसला रेंजची गरज नसते, नकाशाला असते, म्हणून नकाशा घरूनच उतरवून घ्यावा आणि फोन एरोप्लेन मोडवर टाकावा, नाहीतर रेंज शोधण्यातच बॅटरी संपते. पण गेल्या पावसात दरड कुठे आली, हे त्या निळ्या ठिपक्याला कोण सांगणार?

विचारायला कुणीच नसेल तर? मागे फिरायचं, जिथपर्यंत वाटेची खात्री होती तिथपर्यंत. सगळ्यांना याचाच कंटाळा येतो. तेवढ्यात कुणीतरी हुशार म्हणतो, ओढ्यानं खाली उतरू, पाणी गावाकडेच जातं. पाणी जातं हे खरं. पण सह्याद्री हा लाव्ह्याच्या थरांवर थर साचून झालेला डोंगर. मऊ थर झिजतो, टणक कातळ तुटून उभा राहतो, आणि ओढा त्या पायरीवरून सरळ उडी मारतो. त्याला धबधबा होता येतं, आपल्याला नाही. खाली कातळकडा आणि वर निसरडी नळी, म्हणजे अरुंद घळ, अशा मधल्या जागी माणसं अडकतात ती अशीच.

वाट विचारण्याचा आणखी एक फायदा आहे. आपण किती जण वर गेलोत हे गावात कुणाला तरी ठाऊक होतं. म्हणून परतताना लोकलची कितीही घाई असली, तरी वाट सांगणाऱ्याच्या घरात डोकावून "आलो हो सगळे" एवढं ओरडून जावं. नाहीतर आपण कल्याणला उभ्यानं वडापाव खात असतो आणि तो बिचारा बॅटरी घेऊन सोंडेवर हाका मारत फिरत असतो.