तीन ग्रंथांतला रथ

वेगवेगळ्या धर्मांचे आणि दर्शनांचे ग्रंथ वाचताना ‘सगळ्यांचे सांगणे शेवटी एकच’ असा निष्कर्ष काढण्याची घाई मला पटत नाही, कारण त्या घाईत प्रत्येक ग्रंथाचे स्वतःचे म्हणणे पुसले जाते. रथाचेच उदाहरण घ्या. कठोपनिषदात शरीर हा रथ, बुद्धी सारथी, मन लगाम, इंद्रिये घोडे आणि आत्मा हा रथाचा स्वामी आहे. ‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथात मात्र भिक्खू नागसेन मिलिंद राजाला विचारतात, की आस म्हणजे रथ काय, चाके म्हणजे रथ काय, जू म्हणजे रथ काय. राजा प्रत्येक वेळी नकार देतो आणि अखेर कबूल करतो, की या भागांच्या जुळणीला रथ हे केवळ व्यवहारातले नाव आहे. एकीकडे ज्या रथात स्वामी बसला आहे, तोच रथ दुसरीकडे असा कोणी स्वामी नाही हे दाखवण्यासाठी वापरला आहे! ग्रीक तत्त्वज्ञ प्लेटोच्या ‘फीड्रस’ या संवादग्रंथातील रथाला दोन घोडे आहेत, एक गुणी आणि एक बेफाम, आणि सारथ्याची सारी शक्ती त्या दुसऱ्याला आवरण्यातच खर्च होते.

ग्रंथाची रचनाही आधी समजून घ्यावी. कुराणातील 114 सुरा, म्हणजे अध्याय, कालक्रमाने नव्हे, तर ढोबळमानाने मोठ्या आधी आणि लहान नंतर अशा लावलेल्या आहेत. म्हणून नवख्या वाचकाने शेवटच्या छोट्या सुरांपासून सुरुवात केली तरी चालते.